ग्लासगोचं लाकडी ग्रंथालय

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो कलाशाळेत एक ग्रंथालय होतं. त्याचा आराखडा चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांचा. ते याच शाळेच्या संध्याकाळच्या वर्गांत शिकलेले. हे दालन १९०९ मध्ये पूर्ण झालं: गडद लाकडाचे उंच खांब, वर चारही बाजूंनी सज्जा, पश्चिमेला लांबचलांब खिडक्या, मध्यभागी लोंबणारे रंगीत काचांचे दिवे. टेबलं, खुर्च्याही त्यांनीच आखलेल्या. वाचायला बसण्याच्या जागेचा इतका बारीक विचार मला तरी फार मोलाचा वाटतो.

२३ मे २०१४ रोजी तळघरात एका प्रकल्पासाठी वापरलेल्या फोमचा ज्वालाग्राही वायू तापलेल्या प्रोजेक्टरपाशी पेटला. ग्रंथालय, दुर्मिळ पुस्तकांसह, जळून गेलं. मग पुरातत्त्वज्ञांनी राख चाळून दिव्यांचे तुकडे वेचले. अभ्यासातून लाकूड ट्यूलिपवुड असल्याचं कळलं आणि सुतारांनी एक भाग हुबेहूब घडवलाही. पण १५ जून २०१८ च्या रात्री पुन्हा आग लागली आणि जवळजवळ सगळी इमारतच गेली. नुकसान एवढं, की २०२२ च्या तपास अहवालालाही कारण निश्चित सांगता आलं नाही.