दुखणे सांगावे कसे?



आम्ही वैद्य नव्हे. आमचे सारे आयुष्य मुलांना व्याकरण शिकविण्यात गेले. तेव्हा रोगाविषयी न बोलता रोग्याच्या भाषेविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आमच्या वहिनी एके दिवशी सोयाबीनच्या सोंगणीवरून परतल्या त्या जबड्याला हात लावून. "दाढ दुखते," एवढेच म्हणाल्या. आम्ही लवंग दिली. रात्री डावा खांदा भरून आला, घाम सुटला. वाताचे दुखणे समजून आम्ही शेकत बसलो. पहाटे त्या गेल्या. पुढे डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले व हृदयविकाराचा झटका असावा असे सांगितले. हृदयाकडून आणि हाता-जबड्याकडून येणारे मज्जातंतू मेंदूच्या वाटेवर एकमेकांस मिळतात, म्हणून दुखते एकीकडे आणि जाणवते दुसरीकडे. वैद्यकात यास संदर्भित वेदना म्हणतात. हा शब्द आम्हांस फार उशिरा कळला.

आपल्या बोलीत मात्र शब्दांची वाण नाही. पिकलेले गळू ठणकते. मुतखड्याची कळ येते, ओसरते, पुन्हा येते. मज्जातंतू दुखावला की आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी चमक निघते. मधुमेह्याच्या तळपायाची आग बहुधा याच जातीची. "पाय दुखतो" असे मोघम सांगण्यापेक्षा "पायाची आग होते" म्हटले तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. पुढे तोच पाय बधिर झाला तर काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. अमरावतीस १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले. त्या रोगातही बोटे झडतात ती बव्हंशी वेदना हरपल्यामुळे. भाजलेले, कापलेले कळतच नाही.

'तीव्र वेदना' या संज्ञेने मात्र घोटाळा होतो. वैद्यकात तिचा अर्थ फार दुखणे असा नसून नव्याने उद्भवलेले दुखणे असा आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकले की ते चिरकालीन.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली. वेदना हा शरीराबरोबर मनाचाही अनुभव आहे, हे त्या व्याख्येत आहे. दुखते असे जो सांगतो त्याचे म्हणणे मानावे, आणि ज्यास बोलता येत नाही त्यास दुखत नाही असे समजू नये, हेही तीत जोडलेल्या टिपांत नमूद आहे. सुनेचे डोके दुखले की "सोंग करते" म्हणणाऱ्या घरांत हे वाचून दाखवावे असे आम्हांस वाटते.

हल्ली दवाखान्यात विचारतात, दहापैकी दुखणे किती? रिसोडकडील एका वृद्ध गृहस्थांनी आमच्यादेखत उत्तर दिले, "सोळा आणे." डॉक्टर तरुण होते, आण्यांचा हिशेब आम्हीच त्यांस समजावून दिला.