बोलपट आणि त्याची जाहिरात

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात आर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला. राजपुत्र आणि भटक्यांत वाढलेली मुलगी यांची ही प्रेमकथा. पण जाहिरातीत डांगोरा पिटला तो बोलण्याचा नि गाण्याचा. मास्टर विठ्ठल मूकपटांतले नावाजलेले नट खरे, तरी लोक लोटले ते पडदा बोलतो कसा हे ऐकायला. गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले!

आज त्या बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. उरल्या आहेत जाहिराती, छायाचित्रे आणि पुस्तिका. म्हणून तेल्हाऱ्याच्या शिक्षक बंधुभगिनींनो, कोणाच्या जुन्या पेटीत सिनेमाची फाटकी चोपडी सापडली, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. मुलांना दाखवा, जपून ठेवा. चित्र हरवले, तर साक्ष द्यायला तेवढाच कागद उरतो.