कातडीवाटे भिनणारी तंबाखू



आपल्या शेजारी निपाणीचा भाग तंबाखूचा. दंवाने ओल्या रानात शेंडे खुडले, की कुणाकुणाला मळमळते, गरगरते, उलटी होते. ‘ऊन लागलं असंल,’ असे घरची म्हणतात. कधी तसे असेलही. पण तंबाखू तोंडात न घालताही अंगात भिनते, हे ध्यानात घ्या.

ती शिरते कुठून? कातडीचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, किंवा त्याहूनही पातळ. त्याची रचना भिंतीसारखी आहे. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि सांध्यांत चुन्याऐवजी तेलकट पदार्थ. निव्वळ पाण्यात विरघळणारे पुष्कळ पदार्थ इथे अडतात. पण कण लहान असला आणि तेलाशीही त्याचे जमत असले, तर तो सांध्यांतून वाट काढतो. तंबाखूतले निकोटीन नेमके तसेच. ते दंवात उतरते आणि कातडीतही मुरते. घागरीत गुळाचा खडा टाकला, की न ढवळताही पाणी हळूहळू गोड होते ना? दाटीकडून विरळाकडे सरकण्याचा तोच हा प्रकार.

मात्र सगळेच पदार्थ लगेच पार होत नाहीत. बळदात धान्य राहावे, तसे काही औषध या थरात अडकून राहते. व्हिकर्स नावाच्या डॉक्टरांनी १९६३ साली हे दाखविले. मलम लावून काही दिवस लोटल्यावर ती जागा पुन्हा नुसती झाकली, तरी मलमाचा परिणाम परत दिसला! निकोटीनही काही काळ असे साठते. म्हणून रान सोडल्यावरही त्रास लांबतो.

हाच गुण डॉक्टरांनी कामाला लावला. तंबाखू सोडविण्यासाठी निकोटीनची चिकटपट्टी मिळते. ती दिवसाला २१, मग १४, मग ७ मिलिग्रॅम अशी उतरत जाते. पट्टीत माप असते. ओल्या पानाला माप नसते, फरक तो एवढाच.

तेव्हा मंडळी, दंव उडाल्यावर रानात उतरा. लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला. कपडे भिजले तर लगेच बदला. ओले कापड अंगाला चिकटले, की भिनणे वाढते. काम संपताच साबणाने हातपाय धुवा. उलट्या थांबत नसतील, तर दवाखाना गाठा आणि तंबाखूच्या रानात होतो, हे आवर्जून सांगा.

गुरुजींनी गुळाच्या खड्याचा प्रयोग वर्गात जरूर करावा. मुले तो घरी सांगतील, आणि घरची माणसे हात धुतील.