उरलेली जागा आणि माणसाचे घर



आजचा विषय घराचा आहे. पण तो बंगल्याचा नव्हे, तर दोन-तीनशे चौरस फुटांच्या घराचा आहे. "शहरात जागा नाही," हे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या कचेरीत ऐकले असेल. ते उत्तर पुरते खरे नाही. ज्या शहरात मोटार उभी करावयास जागा मिळते, त्या शहरात माणसास निजावयास जागा नाही, असे कोणी म्हणू लागला तर त्याजकडे नकाशा मागावा. दोन इमारतींमधला रिकामा कोपरा, सरकारी वाहनतळ, जकात उठल्यावर ओस पडलेले नाके, मोडकळीस आलेली गोदामे. या सर्व शहराच्या उरलेल्या जागाच आहेत.

अशा जागांवर घरे होऊ शकतात, ही कल्पना हवेतली नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात पालिकेच्या एका वाहनतळावर खांब उभारून त्यांवर कारखान्यात तयार केलेली 11 लहान घरे बसविण्यात आली. 2021 साली तेथे लोक राहावयास आले. खाली मोटारी, वर माणसे. जमीन तीच, उपयोग दोन. लंडनच्या लुईशॅम भागात पाडलेल्या एका क्रीडागृहाच्या मोकळ्या जागेवर 2016 साली अशाच पद्धतीची 24 घरे उभी राहिली. ती पुढे सुटी करून अन्यत्र नेता यावीत, अशी त्यांची रचना होती. अशा घराला मॉड्यूलर म्हणतात. त्याचे भाग कारखान्यात एकाच मापात तयार होतात, आणि जागेवर ते केवळ जोडावयाचे असतात. त्यामुळे अरुंद जागेत मालाचा पसारा होत नाही आणि महिन्यांचे काम आठवड्यांत उरकते.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्यातील येरवड्याचे आहे. 2005 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या केंद्रीय नागरी योजनेतून तेथे झोपडीच्या जागीच सुमारे 270 चौरस फुटांची पक्की घरे बांधण्यात आली. ही घरे कारखान्यातली नव्हेत, परंतु विचार त्याच जातीचा होता. आरंभीच्या आराखड्यात घराचे मोजके नमुने ठरविले होते. एका नमुन्यात पुढे मजला चढविता येईल असा सांगाडा होता, दुसऱ्यात दुकानासाठी तळमजला मोकळा होता, तिसऱ्यात मधला मजला मोकळा सोडला होता. बांधणीपूर्वी वस्तीतील महिलांच्या संघटनेने घराघरांशी बोलणी केली. ज्यांची जागा फारच अपुरी होती, त्यांनी शेजाऱ्याशी जागा जोडून घर घेतले. शेजार तुटला नाही, मुलांची शाळा सुटली नाही, कामाचे ठिकाण दूर गेले नाही. लहान घराचे खरे मोल येथे आहे.

तथापि लहानपणालाही मर्यादा असते. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींत 1920 च्या दशकापासून पिढ्यान् पिढ्या 160 चौरस फुटांत राहिल्या. त्या सहनशीलतेचे कौतुक करून कोणी पुन्हा तेच माप आपल्या गळ्यात बांधू नये. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहण्याच्या खोलीसाठी सर्वसाधारणपणे 9.5 चौरस मीटर क्षेत्र आणि 2.4 मीटर रुंदी हे किमान माप दिले आहे. तेव्हा नमुना घर दाखविले की प्रथम फीत काढा. समोरासमोर दोन खिडक्या आहेत काय? मोरी आणि संडास यांची भिंत एकच आहे काय, की नळ व गटाराचा खर्च वाचावा? पत्र्याच्या छताखाली उष्णता अडविणारा थर आहे काय? म्हाताऱ्या माणसास जिना चढता येईल काय? हे प्रश्न विचारण्यास अभियंत्याची पदवी लागत नाही.

आता वकिलाच्या नात्याने सांगतो. उरलेल्या जागा दोन प्रकारच्या असतात. एक, जी नियोजनाच्या दुर्लक्षामुळे उरली. दुसरी, जी माणसाच्या वस्तीस अयोग्य म्हणून उरली: नाल्याचा काठ, पूररेषेच्या आतली जमीन, उच्च दाबाच्या तारांखालची पट्टी, कचरा डेपोची कड. गावाने आपल्या पूर्वजांस गावकुसाबाहेर बसविले, तीही गावाची उरलेली जागाच होती. शहर जर नव्या नकाशावर, नव्या यंत्राने, तीच वागणूक देऊ लागले, तर घर चकचकीत आहे म्हणून आपण ती मान्य करावी काय? पहिल्या प्रकारची जागा मागून घ्यावी. दुसरी लेखी कारणे देऊन नाकारावी.

आणखी एक धोका आहे. जे घर उचलून नेता येते, ते घर तुमच्यासह उचलून नेता येते. मुंबईच्या संक्रमण शिबिरांत 'तात्पुरती' म्हणून गेलेली कुटुंबे दशकानुदशके तेथेच राहिली, हे आपण जाणता. म्हणून आधी जमिनीचा हक्क, मग घराची किल्ली. भाडेपट्टा किती वर्षांचा, घर हलविल्यास पर्यायी घर कोठे आणि किती मुदतीत, देखभालीचा खर्च कोणावर, हे करारात असावे. नाव पती-पत्नी दोघांचे असावे. प्रधानमंत्री आवास योजनेतही घर कुटुंबातील स्त्रीच्या किंवा दोघांच्या संयुक्त नावे करण्यावर भर आहे.

कायदा आपल्याला किती साथ देतो, हेही नीट समजून घ्या. 1985 साली ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. परंतु पदपथावर कायम राहण्याचा हक्क दिला नाही. चमेली सिंग प्रकरणी डिसेंबर 1995 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की निवारा म्हणजे केवळ डोक्यावरचे छप्पर नव्हे. पुरेशी जागा, उजेड, हवा, पाणी आणि स्वच्छता हीही त्यात येतात. हे शब्द आपल्या अर्जात यावयास हवेत. परंतु न्यायालयाचे शब्द आपणहून चालत येऊन कोणाचे घर बांधीत नाहीत.

म्हणून वस्तीच्या पुढच्या सभेत एक काम करा. आपल्या प्रभागातील उरलेल्या जागा पायी फिरून मोजा. प्रत्येकीची मालकी मालमत्ता पत्रकावरून आणि तिचे आरक्षण विकास आराखड्यावरून पाहा. न मिळाल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. मग सहकारी गृहनिर्माण संस्थेचा प्रस्ताव त्या जागेच्या क्रमांकासह पालिकेस द्या. घर द्या, असे म्हणणाऱ्याला आश्वासन मिळते. अमुक भूखंडावर, अमुक मापाची, इतकी घरे द्या, असे म्हणणाऱ्याला हो किंवा नाही हे लेखी उत्तर द्यावे लागते. आणि लेखी नकार हाती आला, तर त्यावर पुढे दाद मागता येते.