शिक्षा झाली, तरी माणूस घरी कसा?



बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "कोर्टाने शिक्षा दिली, मग तो गावात फिरतो कसा? पैसे चारले असतील." आज हे नीट समजून घेऊ. अर्धवट माहितीने फिर्याद देणारी बाई घाबरते, आणि ज्या घरातला माणूस आत गेला तिथली बाई हातपाय गाळते.

शिक्षेविरुद्ध वरच्या कोर्टात दाद मागणे म्हणजे अपील. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्स कोर्टात 30 दिवसांत, सेशन्सच्या निकालावर हायकोर्टात साधारण 60 दिवसांत अपील करायचे. त्याचा निकाल लागायला वर्षे जातात. तोवर शिक्षा भोगून झाली आणि मग माणूस निर्दोष ठरला, तर गेलेले दिवस कोण भरून देणार? म्हणून अपील कोर्ट शिक्षा तात्पुरती थांबवून जामीन देऊ शकते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम 430 आहे; आधी ते 389 होते. शिक्षा 3 वर्षांपर्यंतची असेल आणि माणूस आधीपासून जामिनावर असेल, तर अपील करण्यापुरता जामीन शिक्षा देणारे कोर्टच देते.

पण शिक्षा थांबली म्हणजे दोष पुसला गेला असे नाही. 2023 मध्ये राहुल गांधींची 2 वर्षांची शिक्षा थांबली होती, तरी खासदारकी गेली. सुप्रीम कोर्टाने दोषी ठरवण्यालाच स्थगिती दिली, तेव्हा ती परत मिळाली. अशी स्थगिती क्वचितच मिळते. शिवाय अपील फेटाळले, तर बाहेर काढलेले दिवस शिक्षेत धरत नाहीत.

फिर्यादी बहिणींनो, 10 वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात जामिनाआधी सरकारी वकिलाला लेखी म्हणणे मांडायची संधी द्यावीच लागते. त्यांना भेटा. तो माणूस धमकावत असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. सरकारी वकील जामीन रद्द करायचा अर्ज करू शकतात.

आणि ज्यांच्या घरचा माणूस तुरुंगात आहे त्यांनी दागिने मोडण्याआधी तालुका विधी सेवा समितीत जावे. बाईला आणि कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो. फोन नंबर 15100. निकालाची प्रत आणि तारीख जपून ठेवा, मुदत चुकवू नका.

पुढच्या बैठकीत यावर बोलूया.