दातांची तार
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दातांवर बोलायला मला उभे केले, तेव्हा मलाच प्रथम हसू आले. मी काही दंतवैद्य नव्हे. परंतु दोन वर्षे आमच्या घरात दातांची तार नांदली, आणि तिच्यापायी मी जे शिकले तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

आमची धाकटी आठवीत गेली आणि फोटो काढताना तोंडावर हात धरू लागली. वरचे दात एकावर एक चढलेले. सासूबाई म्हणाल्या, "देवाने दिलेत, चावता येते ना, मग झाले!" वन्संना निराळीच काळजी. त्या म्हणाल्या, "लग्नाच्या आधी उरकून घ्या." मुलीला मात्र कोणी विचारलेच नाही. एके दिवशी तीच म्हणाली, "आई, दातांत रोज घास अडकतो, ब्रश पोचत नाही. आणि मला मोकळेपणी हसायचे आहे." मग आम्ही तार बसवून घेतली.

ही तार करते काय? दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तारेचा हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि मागे नवे हाड तयार होते. असा दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. म्हणून दीड-दोन वर्षे लागतात, आणि चार-सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडे जावे लागते. घाई करून तो लवकर सरकत नाही.

पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात. तेव्हा मऊ खिचडी, वरणभात, उपमा, केळे द्यावे. गालाला तार टोचली तर डॉक्टर देतात ते मेण गोळी करून त्या जागी लावावे, आणि कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्या. पुढे मात्र जिभेवर लगाम हवा. आपल्या नाशकात चिवडा, भाजलेले कणीस आणि पेरू यांचा मोह कोणाला नाही? पण कडक दाणे, चिक्की, ऊस आणि कणीस चावून खाणे वर्ज्य. पेरूच्या पातळ फोडी कराव्या, कणसाचे दाणे उकडून काढून द्यावे, भाकरी आमटीत कुस्करावी. आणखी एक गंमत सांगते. तार धरून ठेवणारी बारीक रबरे आपल्या हळदीने पिवळी पडतात. त्याने बिघडत काही नाही. पुढच्या खेपेस ती बदलतात.

आता माझी चूक सांगते. चौथ्या महिन्यात द्वारकेच्या चौकात मैत्रिणींबरोबर आमच्या बाईंनी कणीस खाल्ले आणि एक ब्रॅकेट निसटले. "इतके पैसे घातलेत, काही तुटले तर बघ!" असे मी रोज बजावत होते. त्या भीतीने पोरीने ते पाच आठवडे लपवले. तेवढ्यात तो दात मागे फिरला आणि उपचार लांबले. डॉक्टर तिला काही बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले, "निसटले तर त्याच दिवशी फोन करा, एवढेच तिला सांगा." रिक्षात बसून घरी येईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. ब्रॅकेट कणसाने निघाले, पण पाच आठवडे वाया गेले ते माझ्या धाकाने.

त्या दिवसापासून मी बजावणे सोडले आणि सोबत करू लागले. प्रत्येक जेवणानंतर आम्ही दोघी आरशापुढे उभ्या राहायचो. ब्रॅकेटच्या वर एकदा आणि खाली एकदा ब्रश फिरवायचा, तारेखालून बारीक ब्रश घालायचा. हा आळस केला तर तार काढल्यावर दातांवर पांढरे डाग दिसतात. ते मग सहजी जात नाहीत.

तार निघाली की काम संपले असे समजू नका. दातांना जुन्या जागेची ओढ असते. म्हणून डॉक्टर सांगतील तितका काळ रिटेनर लावावाच लागतो. तो गरम पाण्यात धुऊ नये, वाकडा होतो. आणि जेवताना कागदात गुंडाळून ठेवू नये, केरात जातो. डबीतच ठेवावा.

खर्चाची धास्ती वाटत असेल, तर दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा. तिथे शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च बहुधा कमी येतो. आपल्याला ते लांब नाही. आग्रा रस्त्याने गोदावरी ओलांडली की पंचवटीत असे महाविद्यालय आहे. मूल सात वर्षांचे झाले की एकदा दात दाखवून ठेवावे. लगेच तार बसवावी लागते असे नाही, पण पुढचा अंदाज येतो.

आणि भगिनींनो, घरात तारवाले मूल असेल तर त्याला पाहुण्यांपुढे "दाखव बघू दात" म्हणू नका. ते आपण होऊन हसेपर्यंत थांबा. आमची थांबली होती, आता हसते. इतके बोलून मी आपली रजा घेते.