इंजिन उघडण्याआधी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यात कोणी डॉक्टर झाले, कोणी तहसीलदार, कोणी बँकेत मॅनेजर. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक झालो आणि पस्तीस वर्षं साताऱ्यात इंजिनांत हात काळे केले. संयोजक म्हणाले, "तुझ्या कामाबद्दल दहा मिनिटं बोल." म्हणून गेल्या वर्षी सांगलीकडे केलेल्या एका कामाबद्दल बोलतो. त्या कामाचा आपल्या बॅचशी संबंध आहे.

'ब' तुकडीतला आपला एक मित्र. वहिनींच्या इच्छेनुसार नाव घेत नाही, पण सहलीला गाडीभर भाजक्या शेंगा वाटायचा म्हटलं की सगळ्यांनी ओळखलं. तो पुढे वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी स्थायिक झाला. त्याच्याकडे ९२ सालची महिंद्राची जुनी पिकअप होती. प्युजो जातीचं डिझेल इंजिन, चार सिलिंडर, २११२ सीसी. त्या गाडीवर त्याने हळद, गूळ, दुधाचे कॅन, सगळं वाहिलं.

ऑगस्ट २०१९चा पूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याच्या शेडमध्येही पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर त्याने गाडी धुतली आणि स्टिअरिंगला पुठ्ठा बांधला: 'सेल्फ मारू नये.' पुढच्या वर्षी तो गेला. गाडी पाच वर्षं तशीच उभी राहिली. मुलगा मोठा झाला, त्याला वाहतुकीचा धंदा करायचा होता. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला. एका गॅरेजवाल्याने लांबूनच बघून 'फुल इंजिन' सांगितलं. तो खर्च झेपणारा नव्हता आणि नव्या गाडीचा हप्ता तर त्याहून जड. वहिनींनी मला फोन केला, "भाऊजी, विकायची का ठेवायची, एवढंच सांगा."

मित्रांनो, तो पुठ्ठा हे निम्मं काम होतं. पेट्रोल असो की डिझेल, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल आणि आपण सेल्फ मारला, तर पिस्टन पाण्यावर जाऊन आपटतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड, आणि तिथे खरोखरच इंजिन संपतं. पुरानंतर घाईने सेल्फ मारून कितीतरी चांगली इंजिनं लोकांनी घालवली. आपल्या मित्राने ती घाई केली नाही.

आम्ही सुरुवात ऑइलच्या पट्टीपासून केली. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. इथे ते काळं होतं, जुनं होतं, पण दुधाळ नव्हतं. म्हणजे चेंबरपर्यंत पाणी चढलं नव्हतं. एअर फिल्टर उघडला, तर आत उंदराने संसार थाटलेला. तो साफ केला. चारही नोझल काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि दोन दिवस गाडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवलं. आधी जड, मग मोकळं. मुलाच्या तोंडावर तेव्हा पहिल्यांदा हसू दिसलं.

डिझेलची टाकी मात्र पाण्यात बुडाली होती. उतरवली तेव्हा तळाला पाणी, गंज आणि काळा चिकट गाळ. डिझेलखाली पाणी साचलं की त्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा हा गाळ. टाकी धुतली, फिल्टर बदलले, ऑइल बदललं, नोझल परत बसवले, नवी बॅटरी लावली. सेल्फ मारला तर नुसता 'टक्' आवाज. मुलगा म्हणाला, "सेल्फ गेला." मी म्हटलं, थांब. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला लावली आणि त्याला चावी फिरवायला सांगितली. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, पण काटा वर गेला. म्हणजे वीज परत येण्याचा रस्ता अडलेला. अर्थिंगची पट्टी गंजली होती. घासून आवळली, सेल्फ जोरात फिरला. डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. म्हणून सेल्फ मंद फिरला तर बाकी सगळं चांगलं असूनही इंजिन उचलत नाही. चारपैकी दोन हीटर प्लगही मेलेले होते, ते बदलले.

गाडी सुरू झाली, आणि तीन मिनिटांनी बंद पडली. पंपाची एअर काढली की पुन्हा तीन मिनिटं. लोक अशा वेळी पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवतात. आम्ही एका स्वच्छ बाटलीत डिझेल भरलं, सलाइनसारखी बॉनेटला टांगली आणि तिची नळी फिल्टरला जोडली. इंजिन अर्धा तास चाललं. म्हणजे पंप निर्दोष, रोग टाकी आणि फिल्टरच्या मध्ये. तिथे रबरी नळी वाळून तडकली होती. तिच्यातून डिझेल गळत नव्हतं, कारण पंप ओढतो तेव्हा हवाच आत जाते. म्हणून खाली एक थेंबही दिसत नव्हता. दोन फूट नळी आणि दोन क्लिप, एवढीच दुरुस्ती.

शेवटी राहिलं मिसिंग आणि पांढरा धूर. धुराची भाषा साधी आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून येणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल न पेटता बाहेर पडतंय किंवा पाणी आत जातंय. इथे वासावरून ते डिझेल होतं. चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट थोडा ढिला करत गेलो. हे करताना तोंड आणि हात लांब ठेवा, ती धार कातडीत घुसते. पहिला, दुसरा, चौथा ढिला केला की आवाज बदले. तिसऱ्याला काही फरकच नाही. म्हणजे तिसरा काम करत नव्हता. मग तिसऱ्याचा नोझल चौथ्याला आणि चौथ्याचा तिसऱ्याला लावला. मिसिंग तिसऱ्यालाच राहिलं, म्हणजे नोझल सुटला. कॉम्प्रेशन मोजलं, तिसऱ्यात कमी. चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं, तेवढंच. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने दाब वाढला असता. म्हणजे दाब व्हॉल्व्हमधून जात होता. वरचं कव्हर उघडलं, तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटला गॅपच नाही. वर्षानुवर्षं चालून व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो, गॅप संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. फिलर गेज, एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर. पंधरा मिनिटांत तिसरा सिलिंडर जागा झाला. हेड उतरवावं लागलं नाही.

ब्रेक, व्हील बेअरिंग आणि गाळाने बुजलेला रेडिएटर यांना त्यानंतर तीन आठवडे गेले. पुरातल्या गाडीचे ब्रेक उघडल्याशिवाय ती रस्त्यावर आणूच नका. मग पीयूसी आणि फिटनेस झालं. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं, "ठेवा."

या सगळ्यात माझी हुशारी नाही, तो क्रम आहे. आधी बघायचं, मग मोजायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फुकटची तपासणी आधी, खर्चाची नंतर. उघडणं सगळ्यात शेवटी. अंदाजावर पार्ट बदलणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाच्या पैशाने शिकत असतो.

हा क्रम आपल्या मातीतलाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले. धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला कारखाना काढला, तिथे पुढे डिझेल इंजिनं झाली. आणि आपल्या रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर अण्णा? ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले आणि नंतर कूपरांच्या कारखान्याशीही जोडले गेले. १९१९मध्ये काल्याला संस्था काढणाऱ्या माणसाला यंत्र परकं नव्हतं. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे दिसतात, पण १९४९पर्यंत आपला सातारा जिल्हा पार सांगलीकडे पसरलेला होता. दोन्हीकडच्या विहिरींवर याच कारखान्यांची इंजिनं धडधडत होती, आणि प्रत्येक गावात ती दुरुस्त करणारा एकजण होता. ती माणसं आता थकली. त्यांच्या मागे शिकणारं कोणी नाही.

म्हणून एक मागणी. आपल्या बॅचच्या निधीतून कमान बांधायचं ठरतंय. कमान बांधा, पण त्यातले थोडे पैसे बाजूला काढा. विहिरीवरचं एक जुनं सिंगल सिलिंडर इंजिन मी आणून देतो. ते शाळेच्या मागच्या शेडमध्ये बसवू. महिन्यातले दोन शनिवार मी येईन, आठवी-नववीच्या मुलामुलींना ते खोलायला आणि जोडायला शिकवीन. मित्राचा मुलगाही येतो म्हणालाय. आता तो स्वतःच बाटली टांगून शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरचे रोग शोधतो.

हत्यारं माझी, वेळ माझा. फक्त शेडचा पत्रा गळतो, तेवढा कोणीतरी बघा. मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी नाव लिहून जावं.